हत्तीच्या पोटातील जीवाणू आणि औषधांना न जुमानणारे संसर्ग

नवी दिल्ली : प्रौढ आशियाई हत्ती दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा खातो, मात्र त्यातील निम्म्याहून कमी भागच त्याला पचतो. गवत, बांबू आणि झाडांच्या सालींतील चिवट तंतू पचविण्याची क्षमता त्याच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. ते काम मोठ्या आतड्यात वस्तीला असलेले असंख्य जीवाणू करतात. नवजात पिलू हे जीवाणू घेऊन जन्माला येत नाही. आईची किंवा कळपातील इतर माद्यांची लीद खाऊन ते त्यांना पोटात घेते. किळसवाणी वाटणारी ही सवय म्हणजे पचनशक्तीचा वारसाच होय.

पाळीव हत्तीच्या बाबतीत हा वारसा दोन बाजूंनी पोखरला जातो. रानातील हत्ती शंभराहून अधिक जातींच्या वनस्पती खातो. केरळमधील अनेक मंदिरांच्या हत्तींचा मुख्य आहार मात्र ताडवर्गीय झाडांची पाने आणि माडाच्या झावळ्या एवढाच असतो. आहाराचे वैविध्य घटले की जीवाणूंचा समतोलही बदलतो. दुसरी बाजू औषधांची. साखळदंडाने झालेल्या जखमा आणि काँक्रीटवर सतत उभे राहिल्याने सडणारे तळवे यांवर प्रतिजैविके देण्यावाचून पशुवैद्यकांपुढे पर्याय नसतो.

ही औषधे केवळ रोगजंतूंनाच मारत नाहीत. पोटातील उपयुक्त जीवाणूही त्यांत बळी पडतात आणि औषधाला पुरून उरलेल्यांना मोकळे रान मिळते. जीवाणू आपली प्रतिरोधक जनुके केवळ पुढील पिढीलाच नव्हे, तर शेजारच्या भिन्न जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. निरुपद्रवी जीवाणूने मिळविलेली ही ढाल उद्या एखाद्या रोगजंतूच्या हाती पडू शकते.

मात्रेचा प्रश्न त्याहून बिकट आहे. अनेक छावण्यांत हत्तीचे वजन करण्याची सोय नसते. शरीराच्या मापांवरून ते अंदाजे ठरवावे लागते. अनेक औषधांची मात्रा तर घोड्यावरील अनुभवावरून बेतली जाते. मात्रा अपुरी पडली की प्रतिरोध बळावतो. क्षयरोगात हा धोका ठळकपणे दिसतो. पाळीव हत्तींना हा रोग बहुधा माणसांकडून होतो आणि त्याचे उपचार अनेक महिने चालतात. कडू गोळ्या सोंडेने बाजूला सारणाऱ्या, चार टन वजनाच्या रुग्णाकडून ते पूर्ण करून घेणे सोपे नाही. उपचार अर्धवट राहिले तर त्याची झळ माहूत आणि त्याच्या कुटुंबालाही बसू शकते.

भारतात पाळीव आणि रानटी हत्तींमधील सीमारेषा पुसट आहे. तमिळनाडूतील मुदुमलै अभयारण्याच्या थेप्पक्काडू छावणीतील हत्तींना नाचणी आणि कुळथाचे गोळे भरविले जातात, त्यांना चरण्यासाठी जंगलातही सोडले जाते. पाणवठे, वाटा आणि लीद यांत दोन्हींचा संपर्क येतो. शिवाय वनसीमेवर गुरे चरतात, गावांचे सांडपाणी ओढ्यांत मिसळते. रानटी हत्तीतही मानवी क्षयाचे जंतू आढळल्याची नोंद केरळमध्ये झाली आहे.

अर्थात रानटी हत्तीच्या लिदीत प्रतिरोधक जनुक सापडले, म्हणजे ते माणसाच्या औषधांमुळेच आले असे मानणे घाईचे ठरेल. मातीतील सूक्ष्मजीव लक्षावधी वर्षांपासून परस्परांविरुद्ध अशी रसायने आणि त्यांवरील उतारेही तयार करीत आले आहेत. प्रयोगशाळेत घडविलेल्या, निसर्गात नसलेल्या औषधांविरुद्धचा प्रतिरोध मात्र मानवी वापराकडे अधिक स्पष्टपणे बोट दाखवितो. त्यामुळे केवळ जनुक आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. ते कोणत्या औषधाविरुद्धचे आहे आणि एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते का, हेही तपासावे लागते.

या तपासणीसाठी हत्तीला बेशुद्ध करण्याची गरज नाही. ताजी लीद पुरते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-आधारित गणनेत देशभरातून लिदीचे सुमारे २१ हजार नमुने गोळा करून रानटी हत्तींची संख्या २२,४४६ असल्याचा अंदाज बांधण्यात आला. नमुने गोळा करण्याची हीच यंत्रणा जीवाणूंच्या पाहणीसाठीही वापरता येण्याजोगी आहे.