बिल कमी आलं म्हणजे वापर सरकला का?



गेल्या दिवाळीत आर्णीला घरी गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू विजेचं बिल घेऊन आल्या. "तू विजेचंच शिकून रायला ना? मंग हे टीओडी काय असते ते सांग." मी उत्साहाने सांगितलं, "काकू, नवीन मीटर बसलंय ना, त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेली वीज युनिटमागे ८० पैशांनी स्वस्त. जमेल ते काम दिवसा उरकायचं." काकू हसल्या. "नऊ ते पाच तं मी वावरातच रायतो ना बापा!"

कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. तरीही बिलात काही रुपयांची सवलत दिसत होती. घरात फ्रिज दिवसभर चालू होता आणि म्हाताऱ्या सासूबाई पंख्याखाली होत्या. काकूंनी एकही काम इकडचं तिकडे केलं नव्हतं, पण सवलत मिळाली.

आजचा लेख याच गोष्टीवर आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षात मी स्वतः जी चूक करत होतो, ती तुम्ही करू नये म्हणून लिहितोय.

टीओडी म्हणजे नेमकं काय?

टीओडी म्हणजे 'टाइम ऑफ डे', दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा वीजदर. साधं मीटर महिनाभराचे एकूण युनिट सांगतं. ते युनिट पहाटे वापरले की रात्री, हे त्याला कळत नाही. स्मार्ट मीटर दिवसाचे छोटे छोटे तुकडे करून, म्हणजे १५ किंवा ३० मिनिटांच्या ब्लॉकमध्ये, वापराची नोंद ठेवतं. म्हणून आपल्याकडे महावितरण त्याला सरळ 'टीओडी मीटर' म्हणतं.

उद्योगांना ही पद्धत नवी नाही. महाराष्ट्रात कारखान्यांना कित्येक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत मिळायची, तर सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत जादा आकार लागायचा. म्हणजे रात्र स्वस्त, दिवसातल्या गर्दीच्या वेळा महाग. आता सवलत दुपारकडे आली आहे. हे उलटं का झालं, ते समजलं की निम्मा विषय समजला.

दुपार स्वस्त का झाली?

कारण सौरऊर्जा. दुपारी सौर प्रकल्पांतून भरपूर वीज येते आणि ती स्वस्त असते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमकं त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. तासा-दोन तासांत मोठी तूट भरून काढावी लागते. चंद्रपूरसारखं औष्णिक केंद्र बटण दाबल्यासारखं चालू-बंद करता येत नाही. कोयनेचं पाणी हवं तेव्हा सोडता येतं, पण तेही मोजकंच. म्हणून संध्याकाळचं एक युनिट यंत्रणेला दुपारच्या युनिटपेक्षा महाग पडतं. ग्राहकाला मात्र आजवर दोन्हींचा दर एकच दिसत होता. हा फरक ग्राहकापर्यंत पोहोचवणं हा टीओडीचा हेतू.

नियम काय म्हणतो, आदेश काय म्हणतो

केंद्र सरकारने १४ जून २०२३ रोजी ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकी सगळ्यांना उशिरात उशिरा १ एप्रिल २०२५ पासून टीओडी लागू करायचं ठरलं. सोलर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी हवा. गर्दीच्या वेळचा दर व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२० पट, इतरांना किमान १.१० पट.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने घरगुती ग्राहकांसाठी वेगळी वाट घेतली. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत फक्त सवलत. संध्याकाळचा जादा आकार घरांना लावला नाही. म्हणजे गाजर आहे, छडी नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सवलत मिळणं आणि वापर सरकणं

आता आकडेमोड करू. दोन घरं धरा, दोघांचा महिन्याचा वापर ९० युनिट. पहिल्या घरात आजी-आजोबा दिवसभर असतात आणि ४५ युनिट नऊ ते पाचमध्ये पडतात. सवलत ३६ रुपये. दुसऱ्या घरातले सगळे मजुरीला जातात, दिवसा १५ युनिट पडतात. सवलत १२ रुपये. दोन्ही घरांनी काहीच बदललेलं नाही. २४ रुपयांचा फरक केवळ घरी कोण असतं यावरून पडला. अभ्यासात अशा घरांना 'आयते लाभार्थी' म्हणता येईल.

आपल्याकडचा उन्हाळा धरला तर हे अजून स्पष्ट होतं. २०० वॅटचा कूलर नऊ ते पाचमध्ये सात तास चालला तर रोजचे १.४ युनिट, महिन्याचे ४२. सवलत साधारण ३४ रुपये. पण मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात दुपारी कूलर लावायला कुणाला सवलत लागते का? तो तसाही चालणारच होता.

आता खरोखर सरकवता येईल असं काम घ्या. पाण्याची मोटर रोज अर्धा तास चालते, साधारण अर्धं युनिट. ती सकाळी सहाऐवजी दुपारी लावली तर महिन्याला १२ रुपये वाचतील. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "अन् नळ काय दुपारी येते काय?" माझ्या मॉडेलमध्ये नळाची वेळ हा चल नव्हताच!

म्हणून पहिला धडा: बिलातली घट हा वर्तन बदलल्याचा पुरावा नाही. खरा प्रश्न असा, की सवलत नसती तर याच घराने याच दिवशी किती वीज कोणत्या वेळी वापरली असती? संशोधनात याला प्रतितथ्य म्हणतात. ते प्रत्यक्षात कधीच दिसत नाही, उभं करावं लागतं. अभ्यासाची सगळी मेहनत तिथेच आहे.

१ जुलैचा सापळा

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. जूनचा वापर आणि जुलैचा वापर शेजारी ठेवू, फरक मिळेल. मीही हेच करायला निघालो होतो. गाईडने एकच प्रश्न विचारला: "जुलैमध्ये कूलर चालतो का?"

पाऊस पडला की कूलर बंद होतात आणि दुपारचा वापर आपोआप खाली येतो. मग आकडे सांगतील, की दुपारची वीज स्वस्त केल्यावर लोकांनी दुपारी कमी वीज वापरली! शिवाय त्याच तारखेला घरगुती वापराचे मूळ दरही बदलले. दोन बदल एकाच दिवशी झाले तर कशाचा परिणाम कोणता, हे नुसत्या आधी-नंतरच्या तुलनेतून सांगता येत नाही.

दरांचा इतिहासही सरळ नाही. आयोगाचा मूळ आदेश २८ मार्च २०२५ चा. काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि फेरविचारानंतर २५ जूनला नवा आदेश आला. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता करा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणता दर. आदेश बदलतात, तेव्हा मूळ कागद आयोगाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. बातमीवर विसंबू नका.

मग पर्याय काय? सगळ्या घरांत मीटर एकाच दिवशी बसत नाहीत. एकाच गल्लीत काही घरांत टीओडी मीटर आहे, काहींत अजून जुनंच आहे. ऊन-पाऊस दोघांना सारखाच, मूळ दरही सारखाच. दोन गटांतल्या बदलांमधला फरक काढला तर सवलतीच्या परिणामाजवळ जाता येतं. याला फरकांतला फरक ही पद्धत म्हणतात. पण इथेही दोन अडचणी आहेत. पहिली, मीटर चिठ्ठ्या टाकून बसवलेले नाहीत. नवीन जोडणी किंवा नादुरुस्त मीटर असेल तिथे ते आधी बसले, आणि अशी घरं मुळातच वेगळी असू शकतात. दुसरी त्याहून चिवट: जुन्या मीटरवर वेळेची नोंदच नसते. त्यामुळे त्या घरांचा फक्त महिन्याचा एकूण वापर मिळतो. वेळवार तुलना हवी असेल तर वेगळे मोजणीयंत्र बसवावे लागते. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या घरांत असं प्रत्यक्ष मोजमाप केलं आहे. या विषयात येणाऱ्याने ते आधी वाचावं.

बाहेर काय आढळलं?

आयर्लंडमध्ये २००९-१० मध्ये सुमारे ५,००० घरांवर चाचणी झाली. कोणाला कोणता दर हे चिठ्ठीने ठरवलं आणि तुलनेसाठी वेगळा गट ठेवला. वेळेनुसार दर असलेल्या घरांचा गर्दीच्या वेळचा वापर ८.८ टक्क्यांनी आणि एकूण वापर २.५ टक्क्यांनी कमी झाला. अहमद फारुकी आणि सानेम सेरजिसी यांनी जगभरच्या चाचण्या एकत्र मांडल्या. महाग आणि स्वस्त दरांतलं गुणोत्तर वाढलं की प्रतिसाद वाढतो, पण वाढीचा वेग मंदावत जातो, आणि काम आपोआप सरकवणारं यंत्र सोबत असेल तर प्रतिसाद जास्त मिळतो, असं त्यांना दिसलं.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा प्रयोग आपल्या जास्त कामाचा. "हा दर घ्याल का?" असं विचारल्यावर साधारण पाचातल्या एकाने होकार दिला. दुसऱ्या गटाला दर आपोआप लावून "नको असेल तर सांगा" म्हटलं, तर नव्वद टक्क्यांहून जास्त लोक त्यातच राहिले. दर घरामागचा प्रतिसाद स्वतःहून आलेल्यांचा मोठा होता, पण एकूण परिणाम आपोआप घातलेल्यांचा मोठा. आपल्याकडे मीटरसोबत दर आपोआप येतो, म्हणून कोणाशी तुलना करायची हे ठरवताना हा फरक पाहा.

मात्र ८.८ टक्के हा आकडा उचलून आर्णीला चिकटवू नका. तिथल्या घरातल्या यंत्रांची यादी वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडे सरकवता येण्यासारखं काय आहे? मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन, घरघंटी, कुणाकडे ई-स्कूटरचं चार्जिंग. दिवा, पंखा, टीव्ही सरकत नाहीत. अंधार संध्याकाळीच पडतो.

आणि टप्पे विसरू नका. आपलं घरगुती बिल ०-१००, १०१-३०० अशा टप्प्यांनी वाढतं. ९५ युनिट वापरणाऱ्या काकूंना कुणी सांगितलं, "दिवसा स्वस्त आहे, बिनधास्त वापरा," आणि २० युनिट वाढले, तर १०० च्या पुढचे १५ युनिट वरच्या टप्प्याच्या दराने लागतील. तो फरक ८० पैशांपेक्षा कितीतरी मोठा आहे. टप्पा 'किती' विचारतो, टीओडी 'कधी' विचारतं. घराला दोन्हींची उत्तरं एकाच बिलात द्यावी लागतात.

वेळ सरकवण्याची किंमत

खरं तर आपल्या भागाला वेळेची वीज नवी नाही. भारनियमनाच्या काळात लाइट असेल तेव्हा दळण, लाइट असेल तेव्हा पाणी. शेतीची वीज रात्रीची असेल तर ओलित रात्री, साप-डुकरांच्या भीतीत. बिलाच्या भाषेत पाहिलं तर वापर अगदी व्यवस्थित सरकला होता. किंमत मात्र झोपेने आणि जिवाच्या धोक्याने मोजली, ती कोणत्याही मीटरवर उमटली नाही. दिवसा शेतीला वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिचा एक प्रायोगिक प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात कोळंबीला झाला.

म्हणून वापर किती सरकला हे मोजताना तो कुणी सरकवला आणि त्यासाठी काय सोडलं, हेही विचारायला हवं. आज घरांना फक्त सवलत आहे. केंद्राच्या नियमात संध्याकाळच्या जादा दराची तरतूद मात्र आहे. उद्या ती घरांना लागू करायचा विचार झाला, तर आयोगासमोर कोणते आकडे असतील? "टीओडीने ग्राहकांचा फायदा झाला" एवढंच कुणी लिहिलेलं असेल, तर दिवसभर वावरात असणाऱ्या आणि संध्याकाळीच दिवा लावणाऱ्या घरांचं काय, हे त्या सरासरीत दिसणार नाही.

या विषयात यायचं असेल तर

- पहिल्या दिवसापासून दरांचा तारीखवार तक्ता ठेवा.
- सरासरी सवलत काढण्याआधी घरं वेगळी करा: दिवसा कोणी घरी असतं अशी आणि नसतं अशी.
- प्रश्नावलीत यंत्रांसोबत वेळा विचारा. नळ कधी येतो, कामावर कधी जाता, स्वयंपाक कधी. शक्यतो घरातल्या बाईंनाच विचारा.
- मीटरची अर्ध्या तासाची नोंद म्हणजे घराची दिनचर्या. कोण कधी झोपतं, घर कधी रिकामं असतं, सगळं त्यात दिसतं. लेखी संमतीशिवाय ती घेऊ नका, आणि घराची ओळख काढून टाकूनच साठवा.
- मॉडेल चालवण्याआधी एक आठवडा स्वतःच्या घरी मीटरची नोंद हाताने लिहून पाहा. मी लिहिली, तेव्हा कळलं की आमच्या घरात खरोखर सरकवता येईल असं एकच यंत्र आहे, घरघंटी. आणि तीही रविवारीच चालते.

निघताना काकूंनी पुन्हा विचारलं, "मंग माह्यासाठी काही फायदा आहे का नाही?" मी सांगितलं, "थोडा आहे काकू, आणि तो काही न करता मिळतोय. पण तुम्ही दिवसा घरी नसता, हे कुठंतरी लिहून ठेवावं लागेल." त्या म्हणाल्या, "मंग लिही ना."

लिहितोय.