वांद्रे परदेशात होते तेव्हा

माहीमच्या किल्ल्यावरून समोर दिसणारे वांद्रे एकेकाळी चक्क परदेश होते. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली, पण खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे वांद्रे ज्यात येते ते बेट, पोर्तुगिजांनी सोडली नाही. खरी डोकेदुखी जकातीची. मुंबईकडे येणाऱ्या मालावर ते ठाण्याला आणि करंजाला जकात घेत. इंग्रज नुसते चडफडत. १७३७ ते १७३९ दरम्यान साष्टी मराठ्यांनी जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी बळकावली, तेव्हा कुठे सरहद्द मिटली. खाडी मात्र होडीनेच ओलांडायची, पावसाळ्यात जीव मुठीत धरून. १८४५ मध्ये लेडी जमशेटजींच्या १ लाख ५७ हजार रुपयांतून माहीम आणि वांद्रे जोडणारा माहीम कॉजवे झाला, तोही टोल न घेण्याच्या अटीवर! वांद्रे-वरळी सी लिंकवर टोल भरणाऱ्यांनी हे न वाचलेलेच बरे.