कशिदा, कसूती आणि दृष्ट : सीमाभागातील एक शब्दविचार

मराठीत ‘कशिदा काढणे’ हा वाक्प्रचार रूढ आहे. त्यातील ‘कशिदा’ हा शब्द फारसी ‘कशीदन्’, म्हणजे ओढणे वा काढणे, ह्या धातूपासून आलेला असल्यामुळे येथे एकाच क्रियेचा दोन भाषांतून दोनदा उच्चार होतो. कानडी ‘कसूती’ हा शब्द ध्वनीने इतका जवळचा असूनही निराळ्या कुळातील मानला जातो. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूती’ म्हणजे सूत, अशी त्याची फोड सांगतात. ध्वनिसाम्यामुळे लोकव्यवहारात हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असल्यास नवल नाही.

असे मिश्रण घडण्यास कुरुंदवाडसारखा प्रदेश अनुकूलच होय. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील हे गाव १९४८ पर्यंत पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते आणि संस्थानची काही गावे बेळगावच्या परिसरात विखुरलेली होती. ह्या टापूतील स्त्रियांचा वेषच द्वैभाषिक आहे. लुगडे इळकलचे, पण मराठी तोंडी ळकाराचा रकार होऊन ते ‘इरकल’ झाले. चोळीचा खण गुळेदगुड्डचा.

कसूती प्रामुख्याने ह्याच इरकलावर काढीत. आखणी न करता, वस्त्राचे उभे-आडवे धागे मोजून, ती मनातल्या हिशोबानेच काढावयाची असते. टाके चार : गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. ‘नेगी’त विणण्याचा अर्थ आहे, तर ‘मेंथी’ म्हणजे आपली मेथीच. ‘गवंती’चा संबंध गाठ ह्या अर्थाच्या कानडी शब्दाशी जोडतात; गंमत अशी की, ह्या कामात गाठ मारणे वर्ज्य आहे. धागा एक घर सोडून पुढे जातो व परतताना सुटलेली घरे भरतो, त्यामुळे वस्त्राच्या दोन्ही अंगांना आकृती सारखीच उमटते.

गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, मोर ह्या आकृतींना सरसकट ‘रक्षक चिन्हे’ ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. रक्षणाची कल्पना आकृतीपेक्षा वस्त्राचा रंग व प्रसंग ह्यांत अधिक स्पष्ट दिसते. कर्नाटकात वधूजवळ कसूतीची काळी चंद्रकळी असावी असा संकेत होता. महाराष्ट्रात पहिल्या संक्रांतीला नववधू काळी चंद्रकळा नेसते. बाळाच्या बोरन्हाणाचे झबलेही काळेच. गालावरील तीट आणि हे काळे वस्त्र ह्यांमागील भावना एकच : दृष्ट लागू नये. तान्ह्या मुलाच्या कुंचीवरही कसूती काढीत.

युक्रेनमध्ये सदऱ्याचा गळा, मनगट व खालची कड येथेच भरतकाम दाट असते, कारण शरीर उघडे पडते तेथूनच अनिष्टाचा प्रवेश होतो अशी समजूत होती. तेथील विधींतील भरतकामाच्या वस्त्राला ‘रुश्निक’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘रुका’, म्हणजे पुन्हा हातच, आहे. मात्र ह्यापुढे वाटा वेगळ्या होतात. तेथील ‘विशिवांका’ हा सदरा राष्ट्राची खूण बनला. २००६ मध्ये चेर्निव्त्सी येथील विद्यार्थ्यांनी सुरू केलेला त्याचा दिवस मे महिन्यातील तिसऱ्या गुरुवारी पाळला जातो. कसूतीची ओळख अशी एका भाषेत बसत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने धारवाड व बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, कुरुंदवाड मुंबई राज्यात राहिले. आणि भौगोलिक निर्देशनाच्या नोंदीत आज कसूतीपुढे कर्नाटकाचे नाव आहे. ते योग्यच म्हणावे लागेल. पण सीमेच्या अलीकडे इरकल नेसणाऱ्या घरांत टाक्यांची कोणती नावे चालत होती, ह्याची नोंद शब्दकोशांपेक्षा वृद्ध स्त्रियांच्या तोंडूनच मिळणार आहे, आणि तयार छापील वा यंत्रावरचे नक्षीकाम घेणाऱ्या पिढीला त्या नावांची गरज पडत नाही.