लोडर व त्याच्या अवजारांतील विद्युत दोष : कोडचा अर्थ आणि तपासणी

फळबागेसाठी खड्डे घेणे, ठिबकच्या पाइपसाठी चर खोदणे, शेततळ्याचे काठ सारखे करणे, गोठ्यातील शेणखत भरणे अशा कामांसाठी लहान लोडर व मिनी एक्स्कॅव्हेटर यांचा वापर वाढला आहे. एकाच यंत्राला बकेट, खड्डे घेणारा ऑगर, चर खोदणारा ट्रेंचर, दगड फोडणारा ब्रेकर अशी निरनिराळी अवजारे जोडता येतात. हे यंत्र विकत घेऊन गावात भाड्याने चालविणारे शेतकरीही बरेच आहेत. अशा यंत्राची कमाई तासावर असते. पाऊस तोंडावर आला असताना यंत्र दोन दिवस उभे राहिले, तर मालकाचे भाडे बुडते आणि ज्याच्या शेतात काम चालू आहे त्याची लागवड लांबते.

यंत्र उभे राहण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे विद्युत दोष. डॅशबोर्डवर दिवा लागतो, पडद्यावर आकडे येतात आणि अवजार हलत नाही. अशा वेळी कोडमध्ये ज्या भागाचे नाव निघते तो भाग लगेच बदलण्याकडे कल असतो. नवा भाग बसविल्यावरही तोच कोड पुन्हा आला, तर पैसे व वेळ दोन्ही वाया जातात. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : कोड हा बिघडलेला भाग सांगत नाही, तर कोणत्या सर्किटमध्ये बिघाड आहे ते सांगतो. त्या सर्किटमध्ये भागाबरोबर वायर, कनेक्टर, फ्यूज आणि अर्थ हेही येतात.

अवजार आणि वीज यांचा संबंध

ऑगर किंवा ब्रेकर तेलाच्या दाबावर चालतो. त्याला स्वतःची वायर बहुधा नसते. मात्र ते तेल अवजाराकडे सोडणारा व्हॉल्व्ह सोलेनॉइड कॉइलने उघडतो. जॉयस्टिकवरील बटण दाबले की कंट्रोलरला संदेश जातो, कंट्रोलर कॉइलला वीज देतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. सीटवरील स्विच व सुरक्षा दांड्याचा स्विच बंद नसेल, तर कंट्रोलर वीज देत नाही. म्हणजे ऑगर फिरत नसला तरी दोष सीटखालच्या कनेक्टरमध्ये असू शकतो. काही अवजारांना, उदाहरणार्थ फवारणी यंत्राला किंवा दोन सिलिंडरच्या पकडीला, वेगळा विद्युत कनेक्टर असतो. तो माती, पाणी व शेणात सापडत असल्याने लवकर खराब होतो.

कोड कसा वाचावा

बऱ्याच कंपन्या जे १९३९ या मानकाप्रमाणे कोड देतात. त्यात दोन आकडे असतात. पहिला एसपीएन, म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. उदाहरणार्थ, एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे इंजिनातील पाण्याचे तापमान, १६८ म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज. काही कंपन्यांचे कोड स्वतःचे असतात. त्यांचा अर्थ यंत्रासोबतच्या पुस्तिकेत पाहावा.

एफएमआयचे नेहमी लागणारे अर्थ असे :

० व १ : मोजलेली किंमत खरोखरच धोक्याच्या पातळीपर्यंत जास्त (०) किंवा कमी (१).
२ : संदेश अस्थिर किंवा चुकीचा. सैल कनेक्टर हे नेहमीचे कारण.
३ : व्होल्टेज जास्त, किंवा वायर पॉझिटिव्हला चिकटलेली.
४ : व्होल्टेज कमी, किंवा वायर अर्थला चिकटलेली.
५ : करंट कमी, किंवा सर्किट तुटलेले.
६ : करंट जास्त, किंवा सर्किट अर्थ झालेले.
९ : दुसऱ्या कंट्रोलरकडून येणारा संदेश वेळेवर येत नाही.

दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. एसपीएन १०० बरोबर एफएमआय १ आला, तर ऑइलचा दाब धोक्याइतका कमी झाल्याची नोंद आहे. इंजिन ताबडतोब बंद करावे. त्याच १०० बरोबर ३ किंवा ४ आला, तर सेन्सरच्या वायरीत दोष असण्याची शक्यता जास्त. तरीही डिपस्टिकवर ऑइल पाहिल्याशिवाय इंजिन चालू करू नये. तसेच, सेन्सरची वायर तुटली असताना काही सर्किटांत एफएमआय ५ न येता ३ येतो. म्हणून ३ दिसला की वायर तुटली आहे का, हेही पाहावे.

तपासणीचा क्रम

१) आधी नोंद करावी. कोड, तासमीटरचा आकडा, कोणते अवजार जोडले होते, यंत्र गरम होते की थंड, धुतले होते का, हे वहीत लिहावे. कोड चालू आहे की जुना साठलेला, ते पाहावे. नोंद केल्याशिवाय कोड पुसू नये.

२) एकदम अनेक कोड आले तर सगळे भाग एकाच वेळी बिघडले असे समजू नये. बॅटरी, मुख्य अर्थ किंवा समाईक फ्यूज तपासावा. अनेक सेन्सरना एकच ५ व्होल्टचा पुरवठा असतो. त्यांतील एक सेन्सर शॉर्ट झाला तरी बाकीच्यांचेही कोड येतात.

३) बॅटरी तपासावी. यंत्र काही तास उभे राहिल्यावर १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज १० च्या बरेच खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ मिळावे. टर्मिनल साफ व घट्ट असावीत.

४) अर्थ तपासावी. किल्ली चालू करून दिवे लावावेत. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि चासीचा घासून चमकवलेला भाग यांमध्ये व्होल्टेज मोजावा. तो ०.२ व्होल्टच्या आत असावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेल्यास अर्थच्या वायरीत किंवा बोल्टखाली दोष आहे. यंत्राला नवा रंग दिल्यावर अर्थचा बोल्ट रंगावरच आवळला गेल्यास हा दोष हमखास येतो.

५) फ्यूज व रिले पाहावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार गुंडाळू नये किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूज पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर घासून चासीला लागली आहे असे समजावे. बूमच्या सांध्याजवळ वायर वाकते तेथे प्रथम शोधावे.

६) कनेक्टर उघडून पाहावा. हिरवा थर, ओल, वाकलेली पिन, फाटलेले रबर सील हे दोष डोळ्यांना दिसतात. गोठ्यातील अमोनिया व रासायनिक खतांचे क्षार तांब्याला लवकर खातात. कनेक्टर साफ करण्याच्या स्प्रेने धुऊन पूर्ण वाळवावा. पिना पॉलिश पेपरने घासू नयेत. शेडमध्ये उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हेही पाहावे.

७) कॉइल मोजावी. किल्ली बंद करून कॉइलचा प्लग काढावा व मल्टिमीटरने ओहम मोजावेत. पुस्तिकेतील आकड्याशी किंवा त्याच यंत्रातील तशाच दुसऱ्या कॉइलशी तुलना करावी. समजा चांगली कॉइल ८ ओहम दाखवते. तर १२ व्होल्टवर ती दीड अँपिअर घेते. वाचन अनंत आले तर कॉइल तुटली आहे. १ ओहमच्या आसपास आले तर ती शॉर्ट आहे व १२ अँपिअर ओढू पाहते. आकडा बरोबर असेल तर कॉइल विद्युतदृष्ट्या ठीक आहे. ती बदलू नये, वायर तपासावी.

८) एफएमआय ९ असल्यास कंट्रोलरना जोडणारी पिळाची दोन वायरींची कॅन लाइन तपासावी. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रेझिस्टर असते. बॅटरी सोडवून दोन वायरींमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम मिळावेत. १२० आल्यास एक टोक सुटले आहे किंवा लाइन तुटली आहे. शून्याजवळ आल्यास दोन्ही वायरी एकमेकींना लागल्या आहेत. कोणत्या पिना मोजायच्या ते पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

हे करू नये

तपासणीपूर्वी बूम जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करून किल्ली काढावी व तेलाचा दाब सोडावा. उचललेल्या बूमखाली शिरून कॉइलचा प्लग कधीही काढू नये.

सीटचा किंवा सुरक्षा दांड्याचा स्विच वायर जोडून बायपास करू नये. काम चालू होते हे खरे. परंतु चालक खाली उतरल्यावर धक्का लागून बूम किंवा ऑगर हलला, तर जवळच्या माणसाचा जीव जातो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासण्याची जुन्या ट्रॅक्टरवरील सवय येथे चालत नाही; व्होल्टेज एकदम वाढून कंट्रोलर जळू शकतो. १२ व्होल्टच्या यंत्राला ट्रकच्या २४ व्होल्टवरून स्टार्ट देऊ नये. बकेटला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी व पॉझिटिव्ह नंतर सोडवावी, पुस्तिकेत सांगितले असल्यास कंट्रोलरचे प्लगही काढावेत आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा. वायरीच्या आवरणात सुई टोचून तपासणी केल्यास त्या छिद्रातून पाणी शिरते व पुढच्या पावसाळ्यात नवा दोष तयार होतो.

मेकॅनिकला केव्हा बोलवावे

वायर, अर्थ, फ्यूज, कनेक्टर व कॉइल ठीक असूनही कोड कायम राहिला, तर कंट्रोलर किंवा त्याचा प्रोग्रॅम तपासण्यासाठी कंपनीचे उपकरण लागते. ब्रेक, स्टिअरिंग किंवा बूम लॉकसंबंधीचा कोड असल्यास यंत्र न चालविता मेकॅनिकला बोलवावे. त्यास फोनवर वहीतील नोंद व मोजलेले आकडे वाचून दाखवावेत. त्यावरून कोणते साहित्य सोबत आणायचे हे त्याला ठरविता येते आणि दुसरी फेरी वाचते.

यंत्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा कनेक्टरवर मारू नये. अवजार काढून ठेवताना कनेक्टरला टोपी लावावी. दर पंधरा दिवसांनी बॅटरीची टर्मिनल, अर्थचे बोल्ट व बूमच्या सांध्याजवळची वायर पाहावी. एक साधा डिजिटल मल्टिमीटर व यंत्राची पुस्तिका नेहमी जवळ ठेवावी. मोजल्याशिवाय भाग बदलू नये, एवढा एक नियम पाळला तरी दुरुस्तीवरचा बराच खर्च वाचेल व ऐन हंगामात यंत्र कामावर राहील.