बाळाला किती गुंडाळायचं?

डिसेंबरात निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी येते आणि घरोघरी तान्ह्या बाळाच्या अंगावर थर चढू लागतात. झबलं, त्यावर स्वेटर, डोक्याला टोपडं, हातापायांत मोजे, दुपट्याची घट्ट गुंडाळी, वरून रजई. खिडक्या कडेकोट बंद. एवढं करूनही आजीचा हात रात्री दोनदा तरी रजई वर ओढायला जातोच. तिच्या भीतीत तथ्य आहे. पण बाळ चार दिवसांचं आहे की तीन महिन्यांचं, हे तिला आधी कुणीतरी विचारायला हवं.

चार दिवसांच्या बाळाला थंडी खरोखर मारक ठरू शकते. जन्मताना ते ओलं असतं. वेळेवर कोरडं केलं नाही, तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याच्या शरीराचं तापमान २ ते ४ अंश सेल्सिअसनं उतरू शकतं. मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, स्नायू थरथरतात आणि त्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला ही सोय जवळपास नसतेच. त्याच्या खांद्यांच्या मधोमध, मानेजवळ आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची खास चरबी असते. ती जाळून बाळ ऊब मिळवतं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या किंवा वजनानं कमी असलेल्या बाळाकडे हा साठाही अपुरा असतो. अंग गार पडलं की साखर आणि प्राणवायू भराभर खर्च होतात, बाळ मलूल होतं, नीट ओढून दूध पीत नाही, आणि दूध कमी गेल्यानं आणखी गार पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान हवं. थर्मामीटर हाताशी नसेल, तर हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायांना लावून पाहावी. दोन्ही गरम असतील तर काळजी नाही. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी बाधू लागली आहे. पोटही गार लागलं, तर बाळाला छातीशी धरून थेट दवाखाना गाठायचा. वाटेतही ते आईच्या अंगालाच हवं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत बाया बाळाचं वजन आणि तापमान पाहत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत, आणि कमी वजनाच्या बाळांसाठी शिवलेली उबदार पिशवी वापरत. या साऱ्या काळजीतून त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष छापून आले. पुढे देशभर आशा सेविकांच्या बाळंतघरच्या भेटी सुरू झाल्या, त्यामागे हाच अनुभव होता. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताई सहा वेळा घरी येते.

ऊब देण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग मात्र पिशवीहूनही साधा आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका सरकारी प्रसूतिगृहात काचपेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं उघड्या अंगानं आईच्या छातीशी बांधायला सांगितलं. कांगारूवरून त्या पद्धतीला नाव मिळालं. गरिबाघरची तडजोड म्हणून बरीच वर्षं तिच्याकडे पाहिलं गेलं. २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या पाच रुग्णालयांच्या अभ्यासानं तो समज मोडला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी घेतलं, तर नवजात काळातले मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका ठळक होता, की दुसऱ्या गटातल्या बाळांना त्यापासून वंचित ठेवणं योग्य नाही म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्या पाचांपैकी एक.

सव्वा महिना उलटतो. बाळ भरतं, गुटगुटीत होतं, स्वतःची ऊब धरून ठेवू लागतं. आता धोक्याची जात बदलते, पण घरातल्या सवयी तशाच राहतात. धडधाकट दिसणारं बाळ झोपेतच दगावण्याच्या घटना सर्वाधिक घडतात त्या दोन ते चार महिन्यांच्या वयात. उकाडा, चेहऱ्यावर आलेलं पांघरूण, मऊ उशी, पालथी झोप आणि घरातला विडी-सिगारेटचा धूर, यांनी हा धोका वाढतो. मऊ गादीत नाक रुतलं, की बाळ आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेत राहतं. मान फिरवून सुटका करून घेण्याइतकी ताकद किंवा जाग त्याच्याकडे नसते.

पाश्चात्त्य देशांनी हा धडा फार महागात घेतला. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ डॉ. स्पॉक यांच्या लाखोंनी खपलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकानं १९५०च्या दशकात बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला दिला आणि तो रूढ झाला. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि हे मृत्यू काही वर्षांतच निम्म्याच्या आसपास आले. जुन्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की पुरावा १९७०च्या सुमारासच हाती होता. तो कुणी नीट जुळवून पाहिला असता, तर हजारो बाळं वाचली असती.

‘उताणं झोपवलं तर गुळणी घशात जाईल’ हा आपल्याकडचा हमखास आक्षेप. शरीररचना त्याच्या उलट आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला तिथं शिरायला चढण चढावी लागते. पालथ्या बाळात तीच बाजू उतरणीची होते.

मग बाळाला आईजवळ झोपवायचं की नाही? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, खोली एकच असावी, पण बाळाचं अंथरूण वेगळं. आपल्याकडच्या एका खोलीच्या घरात हा सल्ला तंतोतंत बसणं कठीण. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड शहराच्या अभ्यासातून थोडा उजेड पडतो. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या घरांत बाळं आईच्या कुशीत अधिक झोपत, तरीही असे मृत्यू गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी होते. त्या आया सिगारेट-दारूपासून दूर असत, बाळाला घेऊन सोफ्यावर झोपी जात नसत, आणि बाळ एकटं खोलीत ठेवत नसत. म्हणून कुशीतली झोप सर्वांना सारखीच निर्धोक ठरत नाही. घरात कुणी विडी ओढणारं असेल, अंथरुणावर कुणी दारू किंवा गुंगीचं औषध घेतलेलं असेल, किंवा बाळ कमी दिवसांचं असेल, तर शेजारी पाळणा ठेवणंच बरं. पाळणाही तळ सपाट असलेला हवा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. दिवसा नजरेसमोर झोळी चालून जाते, रात्रभर नको.

बाजेखालची शेगडी तर आता निरोप देण्याच्याच लायकीची आहे. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, की डोळ्यांना झोंबणं नसतं. धुरी दिलेल्या खोलीत आईचेच डोळे चुरचुरतात, तिथं बाळाच्या फुप्फुसांचं काय होत असेल? गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंथरुणात ठेवून चटका बसल्याच्या घटनाही होतात. अंथरूण शेकायचं असेल तर बाळाला ठेवण्याआधी शेकावं आणि पिशवी काढून घ्यावी.

कपड्यांचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाला त्या खोलीत जेवढं लागतं, त्याहून एक थर अधिक. अंथरुणाला घट्ट विणीची, चांगली दाबून शिवलेली गोधडी चालते. डोकं गोल व्हावं म्हणून दिलेली मोहरीची उशी मात्र काढून टाकावी. त्यासाठी बाळ जागं असताना, समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं खेळवावं. पांघरूण काखेच्या वर जाऊ देऊ नये. घरात झोपताना डोक्यावरचं टोपडं, अगदी नवजात किंवा अशक्त बाळ सोडलं तर, काढून ठेवावं, कारण जास्तीची उष्णता बाळ डोक्यातूनच बाहेर टाकतं. मानेच्या मागे घाम लागला की एक थर कमी करायचा. नवजात काळ सरल्यावर हातपाय जरा गार लागले तरी घाबरू नये, छाती-पोट पाहावं.

दुपट्यात बांधायचं असेल तर पाय सैल ठेवून बांधावं, कारण पाय सरळ ताणून आवळले तर खुब्याचे सांधे सरकू शकतात. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं, की त्या दिवसापासून बांधणं बंद. पुढे ते स्वतःहून दोन्हीकडे सहज वळू लागलं, की रात्री उठून त्याला पुन्हा उताणं करायची गरज उरत नाही.