आजीची बिडाची शेगडी

आमच्या घरात आता सर्वांत वडीलधारे असे कोणी उरले असेल, तर ती आजीची बिडाची शेगडी. तीन बुटके पाय, मध्ये जाळी, जाळीखाली राखेसाठी जागा आणि वारा घ्यायला पुढे एक चौकोनी तोंड. वसमत तालुक्यातील आमच्या खेड्यातून हिंगोलीला बिऱ्हाड आले, तेव्हा जाते गेले, उतरंड गेली, माळवदाचे घरही मागे राहिले. शेगडी मात्र आजीने टेंपोत स्वतःच्या पायांशी ठेवून आणली. आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. शेगडी आहे.

परवा दसऱ्याला पुण्याहून माझ्या एका वर्गमित्राचा फोन आला. त्याने गच्चीवर ठेवण्यासाठी एक नवलाईची वस्तू घेतली आहे. खाली माठासारखे पोट, पोटाला लाकडे घालायचे तोंड आणि वर उंच मान. मेक्सिकोत अशा चुली मातीच्या करतात, आता त्या बिडाच्याही मिळतात. तिला म्हणायचे 'चिमेनेआ'. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ धुराडे असाच आहे. मित्र म्हणाला, "अरे, तुझ्या आजींची शेगडी इतकी वर्षे झाली तरी गंजली नाही. त्या तिला काय लावत?"

मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न कोणी विचारावा, याचा मला आनंदच झाला. मी आधी व्युत्पत्तीकडे वळणार होतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड, बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही, वगैरे. पण मित्राने घाई केली, म्हणून सरळ आजीच्या रीतीच सांगितल्या.

बिडात कार्बनचे प्रमाण दोन ते चार टक्के असते. त्यामुळे ते साच्यात छान ओतता येते, उष्णता बराच वेळ धरून ठेवते. पण स्वभावाने ते ठिसूळ. पोलादासारखे वाकत नाही, तडकते. म्हणून तापलेल्या शेगडीवर पाण्याचा हबका मारायचा नाही, हा आजीचा पहिला नियम. दुसरा नियम, नवी शेगडी पहिल्याच दिवशी भडकवायची नाही. दोनतीन वेळा लहानसा विस्तव करून तिला सवय लावायची. तिसरा नियम राखेचा. राख दमट हवा ओढून घेते आणि ओली राख लोखंड खाते. म्हणून निवल्यावर ती रोजच्या रोज काढायची.

मृग लागण्यापूर्वी आजी शेगडी अंगणात घेई. नारळाच्या शेंडीने आणि विटेच्या भुकटीने तांबेरा घासून काढी, कोरड्या फडक्याने पुसे आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा मंद विस्तवावर तापवी. जवसाचे तेल तापले की वाळून कातडीसारखे बसते आणि लोखंडाला हवापाणी लागू देत नाही. जाड थर दिला तर मात्र नुसता चिकटा होतो. मग शेगडी दोन विटांवर उंच ठेवायची, गोणपाटात गुंडाळायची नाही. गोणपाट ओल धरते. शेवटी आजी पळीने शेगडीवर टक् करून वाजवून पाही. आवाज खणखणीत आला तर शेगडी धड. बद्द आला तर कुठेतरी चीर गेली समजायचे.

मित्राने सारे लिहून घेतले. त्याच्या गच्चीसाठी मी आणखी चार गोष्टी घातल्या. उभ्या चुलीच्या तळाशी चार बोटे वाळू पसरावी, म्हणजे विस्तव थेट बिडाला भिडत नाही. चूल फरशीवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या हिरवळीवर, लाकडी पाटावर किंवा ताडपत्रीच्या मांडवाखाली नको. ठिणग्या अडवायला तोंडाशी जाळी असावी. सरपण वाळलेले असावे. पेटत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे म्हणजे आत्मघात. वाळूची बादली हाताशी असू द्यावी आणि राख दुसऱ्या दिवशीही लोखंडी घमेल्यातच काढावी. वरून विझलेली दिसणारी राख आत कित्येक तास निखारा जपून ठेवते.

फोन ठेवता ठेवता मित्र सहज म्हणाला, "फार थंडी पडली तर आत हॉलमध्येच आणू म्हणतो. कोळसे पेटले की धूर कुठे असतो!"

माझ्या अंगावर काटा आला. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे वाक्य मी एकदा स्वतः बोललो होतो. त्याची हकीगत मी आजवर घराबाहेर फारशी सांगितलेली नाही. आज सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा पौष. मराठवाड्याचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे, पण इथली थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी आली होती, बाळ बारा दिवसांचे. आईने माळ्यावरची शेगडी काढली. ओवा, बाळंतशेपा, शेक, धुरी, सारे रीतसर सुरू झाले. त्या रात्री वारा सुटला होता. बाळाला वारा लागू नये म्हणून मी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकला आणि दाराखाली जुने पातळ सरकवले. बहीण म्हणाली, "दादा, कोंडल्यासारखं होईल." मी म्हणालो, "अगं, कोळसे लालभडक फुलले आहेत. धूर कुठे आहे?" आई, बहीण आणि बाळ शेगडीच्या उबेत झोपली.

पहाटे बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला मावशी आल्या. त्यांनी हाक मारली, उत्तर नाही. दार ढकलून त्या आत गेल्या आणि ओरडल्या, "भाऊ, पळा!" आई उठून बसायला गेली ती पुन्हा कोसळली. बहिणीला ओकारी येत होती, डोके फुटल्यासारखे दुखत होते, पाय उचलत नव्हते. बाळ मावशींच्या हातात कापडाच्या बाहुलीसारखे लोंबत होते. मावशींनी कोणालाही काही न विचारता त्याला अंगणात, त्या गार वाऱ्यात नेले. ज्या वाऱ्यापासून मी त्याला रात्रभर राखले होते, त्या वाऱ्यानेच ते रडले. तो रडण्याचा आवाज मी जन्मात विसरणार नाही.

शेजारच्या आजी म्हणाल्या, दृष्ट लागली. कोणी कांदा हुंगवा म्हणाले. आम्ही तिघांनाही दवाखान्यात नेले. प्राणवायू लावला गेला. संध्याकाळपर्यंत तिघेही हुशार झाली. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "खोली कोणी बंद केली?"

मग मी वाचायला बसलो. कोळशाला हवा भरपूर मिळाली, तर त्याचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू वाढतो. निखाऱ्यांवर कधीकधी निळी ज्योत नाचताना दिसते ना, ती हाच वायू जळताना उठते. न जळता तो खोलीत पसरला, तर त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळ्यांना झोंबणेही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. शरीर आतून गुदमरते आणि माणसाला वाटते, छान झोप येते आहे. तान्ह्या बाळाचा श्वास जलद, म्हणून त्याला तो लवकर बाधतो. धूर निदान खोकला आणून जागे करतो. हा मुका शत्रू जागेही करीत नाही.

आम्हां साहित्याच्या माणसांना एमिल झोला ठाऊक असतो. कोळशाच्या खाणीतील मजुरांवर 'जर्मिनल' लिहिणारा हा थोर फ्रेंच कादंबरीकार २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमध्ये आपल्या शयनगृहात याच वायूने गेला. शेकोटीचे धुराडे तुंबले होते. त्याची पत्नी थोडक्यात वाचली. मी वर्गात झोला शिकवताना हा मृत्यू सांगत असे, आणि घरी येऊन झरोक्यावर पुठ्ठा ठोकला!

मनाला एक प्रश्न मात्र सलत राहिला. आजीने हीच शेगडी अशीच बाळंतिणीच्या खोलीत ठेवली होती. मग तेव्हा असे का झाले नाही? उत्तर शेगडीत नव्हते, घरात होते. आमच्या माळवदाला छतात साणे होते, उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेले भोक. दारांच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या. ते घर स्वतःच श्वास घेत असे. आता डोक्यावर स्लॅब आहे, खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या काचा आहेत. शेगडी जुनीच राहिली, घर बदलले. त्यातून जी काही फट उरली होती, ती मी बुजवली.

आपल्याकडे या वाटेचा विचार कोणी केलाच नाही असे नाही. हिंगोली १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. त्याच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. त्यांच्या चुलीचे मर्म हेच होते की, धुराला छपराबाहेर नेणारे धुराडे हवे. शेगडीला असे धुराडे नसते. तिचे धुराडे म्हणजे आपली खोली. आणि मित्राच्या उभ्या चुलीला मान असली, तरी ती घरात आणली तर तिचे तोंड छताखालीच उघडणार!

तेव्हा वाचकहो, आमच्या घरात आता पाळले जाते ते सांगतो. पेटलेली शेगडी झोपायच्या खोलीत न्यायची नाही, खिडकी किलकिली ठेवूनसुद्धा नाही. बाळंतिणीला शेक हवा, तर शेगडी ओसरीत ठेवावी, कापड तिथे गरम करून खोलीत आणावे. धुरी बाळाच्या नाकाशी नकोच. न्हाणीघरात पाण्याचा बंब असेल, तर तो उघड्यावर किंवा पडवीत हलवावा. आणि पाणी भरल्याशिवाय पेटवू नये, नाही तर डाख सुटतो. एकाच खोलीतल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळले, पाय लटपटले, तर दृष्ट काढत बसू नये. सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणावे, दारेखिडक्या उघडाव्या आणि १०८ क्रमांकावर फोन करून दवाखाना गाठावा. हा वायू ओळखून घंटा वाजवणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. पण विस्तव घराबाहेर ठेवायची सवय त्याहून भरवशाची.

हे सर्व मी मित्राला त्याच रात्री पुन्हा फोन करून सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चूल गच्चीवरच राहील रे. थंडी वाजली तर आम्ही शाल घेऊन वर बसू."

आमच्या झरोक्यावरचा पुठ्ठा मी त्याच दिवशी काढला. त्याच्या खिळ्यांची भोके अजून भिंतीत आहेत. ती मी बुजवू दिली नाहीत. भाची आता तीन वर्षांची झाली. यंदा दिवाळीला ती येणार आहे. आईने शेगडी घासून, तेल लावून ओसरीत मांडली आहे, आणि तिच्याभोवती विटांची रांग लावली आहे, पोरीने हात घालू नये म्हणून.