ईर्यासमिती आणि बाजारपेठेतील पदपथ

पाच समितींमध्ये ईर्यासमितीला पहिले स्थान आहे. चार हात पुढची भूमी न्याहाळत, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने चालावे, हा तिचा आशय. आपले साधू-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात. परंतु मागून वाळूचा ट्रक भरधाव येत असता दृष्टी भूमीवर स्थिर कशी राहावी? मांजरेच्या काठच्या बिलोली परिसरात हा प्रश्न केवळ मुनिजनांचा नाही. सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलीचा आणि पहाटे मंदिरात निघालेल्या आजींचाही आहे.

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये नांदेडला गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्त जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहराचे प्रमुख रस्ते नव्याने घडविण्यात आले. वास्तुविशारद प्रदीप सचदेवा यांच्या आराखड्यात पदपथ, सायकलमार्ग, रिक्षाथांबे, सावलीची झाडे आणि फेरीवाल्यांची जागा यांचा एकत्र विचार होता. रस्ता केवळ वाहनांसाठी नसतो, हे आपल्याच जिल्ह्याने देशाला दाखविले.

मात्र पदपथ बांधून भागत नाही, तो मोकळा राखावा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार चालण्यास किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. दुकानाबाहेर मांडलेली पोती, फलक आणि दुचाकी ती सहज गिळून टाकतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. आपल्या शास्त्राने तर त्याआधीच सांगून ठेवले आहे : न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. पदपथ सर्वांचा आहे. तो आपल्या दुकानाला कोणी दिलेला नाही.

गाड्या थांबल्या नाहीत तर गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्याची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि, एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात, आणि दुकानाकडे पाहून थबकतो तो पायी चालणाराच. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याच्या गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्यावर वाहने थांबवून पादचारी दिन साजरा झाला, तोही कापड-सराफांच्या पेढ्यांसमोरच.

बिलोलीत आरंभ आपल्यापासून होऊ शकतो. दुकानाचा माल उंबरठ्याच्या आत राहावा. मालाची चढउतार गर्दीच्या वेळेआधी उरकावी. पेठेच्या तोंडाशी सायकलींना जागा मिळावी आणि शाळेजवळ वाहनांचा वेग आवरला जावा, यासाठी व्यापारी बांधवांनी नगरपरिषदेकडे एकमुखाने मागणी करावी. विहाराच्या वेळी तरुणांनी चमकणारी जाकिटे घालून साधू-साध्वींच्या मागेपुढे चालावे.

मुंगीला वाट देणाऱ्या समाजाने माणसालाही वाट मोकळी करून द्यावी. तीही अहिंसाच आहे.